शाळेची सुट्टी आणि ऑफिसची रजा एका भिंतीवर कशी बसवायची

जानेवारीची रात्र, पावणेदहा वाजलेले, ओटा पुसून झालेला आणि तेवढ्यात क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला की थंडीमुळे उद्या आणि परवा आठवीपर्यंतच्या शाळा बंद. खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग. मुलं पलंगावर नाचायला लागली आणि मी फोन हातात धरून तशीच उभी, कारण दुसऱ्या दिवशी दहा वाजता आमच्याकडे ऑडिटवाले येणार होते, नवऱ्याची ए शिफ्ट म्हणजे पहाटे कंपनीची बस आणि सासूबाई उज्जैनला नणंदेकडे गेलेल्या. शेवटी मी धाकटीला ऑफिसला घेऊन गेले, ती दिवसभर माझ्या टेबलाखाली बसून स्टेपलरच्या पिना संपवत होती, आणि साहेबांनी काही म्हटलं नाही पण दिवसभर तिच्याकडे असं बघत होते जसं कोणी ऑफिसात शेळी आणून बांधलीय.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता तसा मेसेज आला तर घरात आरडाओरडा होत नाही. मी काही फार हुशार झालेय असं नाही, फक्त एक चार्ट पेपर भिंतीवर लागलाय. ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं की तुम्ही कसं करता, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. आम्ही इंदूरचे, मी अकाउंट्समध्ये, नवरा पीथमपूरला फॅक्टरीत, मुलं सातवीत आणि चौथीत. तुमचं गणित वेगळं असेल पण रीत तीच.

सगळ्यात आधी, भिंतीवरचं नेहमीचं कॅलेंडर यासाठी वापरू नका. त्यावर आधीच दूध, गॅस, पेपरवाला, संकष्टी आणि कामवाल्या ताईंचे खाडे असतात, त्यात शाळा कोंबली की काहीच दिसत नाही. खजुरी बाजारातून एक मोठा पांढरा चार्ट पेपर आणा आणि चार रंगांचे स्केच पेन. चार्टवर बारा चौकोन आखा आणि पहिला चौकोन एप्रिलचा काढा, जानेवारीचा नाही. शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आमचं अकाउंट्सचंही, हा एकच योगायोग आपल्या बाजूने आहे तर तो घ्या. तसा योगायोगही बेताचाच, कारण ३१ मार्चचं क्लोजिंग आणि पोरांची वार्षिक परीक्षा, रिझल्ट, नवीन पुस्तकं, बूट हे सगळं माझ्यावर एकाच पंधरवड्यात येऊन आदळतं. आपल्या एमपीने, म्हणजे मध्य प्रदेशने, २०१७ मध्ये आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर करायचं जाहीर केलं होतं, मी इतकी खूश झाले होते की काय सांगू, पण ते काही अमलात आलं नाही आणि मार्च तिथल्या तिथेच राहिला. जपानमध्ये म्हणे शाळाही १ एप्रिलला, कंपन्यांचं वर्षही १ एप्रिलला आणि कॉलेजमधून बाहेर पडलेली पोरं नोकरीवर हजर होतात तीही १ एप्रिललाच. तिथल्या आया मार्चमध्ये कशा जगतात देव जाणे.

आता रंग. लाल म्हणजे शाळा बंद. निळा म्हणजे माझं ऑफिस बंद. हिरवा म्हणजे नवऱ्याची सुट्टी. चौथ्या रंगाचं पुढे सांगते, तो सगळ्यात महत्त्वाचा. शाळेच्या डायरीत पहिल्या पानांवर सुट्ट्यांची यादी असते ती एका बैठकीत उतरवून घ्या, पोराला वाचायला बसवा आणि तुम्ही रंगवा, अर्ध्या तासाचं काम आहे. डायरी मिळाली नसेल तर सरकारी यादीवरून अंदाज घ्या. २०२५-२६ ची एमपीच्या सरकारी शाळांची यादी अशी होती: उन्हाळा १ मे ते १५ जून, दसरा १ ते ३ ऑक्टोबर, दिवाळी १८ ते २३ ऑक्टोबर, थंडीची सुट्टी ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी. प्रायव्हेट सीबीएसई शाळा यात आपापल्या सोयीने मागे-पुढे करतात, पण चार्टचं रूप साधारण हेच राहतं.

रंगवून झालं की लांब उभं राहून बघा. जिथे लाल आहे पण निळा किंवा हिरवा नाही, तो खड्डा. आमच्या घरात हाच शब्द चालतो. सकाळी चहा घेता घेता नवरा विचारतो, या महिन्यात खड्डे किती?

खड्डे मोजायचे कसे ते आकड्यात सांगते, कारण बहुतेक लोक इथेच अंदाजपंचे करतात आणि मग ऑक्टोबरमध्ये रजा संपलेल्या असतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, २००९ चा, त्याच्या शेवटच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीला वर्षात कमीत कमी २०० दिवस शाळा आणि सहावी ते आठवीला २२०. आपण २२० धरू. माझं ऑफिस: ३६५ मधून ५२ रविवार गेले, दुसरा-चौथा शनिवार म्हणजे २४ गेले, सणाच्या साधारण १० गेल्या, उरले २७९. म्हणजे २७९ वजा २२०, ५९ दिवस असे की माझं ऑफिस चालू आणि शाळा बंद. माझ्या सगळ्या मिळून रजा २०. नवऱ्याच्या फॅक्टरीत वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा हा नियम, ३०० दिवस भरले तर १५. दोघांच्या मिळून ३५. त्यातल्या प्रत्येकी ५ ताप-उलटी-बँक-लग्न यासाठी बाजूला ठेवायच्याच, ठेवल्या नाहीत तर त्या आपोआप जातात. राहिल्या २५. ५९ वजा २५, ३४. नवऱ्याचे मंगळवार यात धरलेले नाहीत, ते खड्ड्यावर आले किंवा शाळा २२० पेक्षा जास्त दिवस चालली तर थोडे कमी, धाकटीचा वर्ग २०० वर थांबला तर थोडे जास्त.

म्हणजे आई-बाप दोघांनी वर्षभर एकही रजा स्वतःसाठी घेतली नाही, मिळून कुठे फिरायला गेले नाहीत, आळीपाळीने घरी बसले, तरी महिन्याभराच्या आसपास दिवस कमी पडतात. हे एकदा कागदावर बघितलं ना की आपलं प्लॅनिंग चुकतंय ही जी मनात टोचणी असते ती जाते. तुमचं काही चुकत नाहीये, बेरीजच बसत नाही.

इथे मग कोणीतरी म्हणतंच की शाळेनेच ऑफिससारखं चालावं, नऊ ते सहा, बारा महिने, वर्षाला वीस सुट्ट्या, विषय संपला. आमच्या ऑफिसातले एक सर दर मेमध्ये हे म्हणतात. मलाही पहिल्यांदा पटलं होतं. पण त्याच आरटीईच्या परिशिष्टात तासही दिलेत, लहानांना वर्षाला ८०० आणि मोठ्यांना १०००. भागाकार करून बघा, २०० दिवसांत ८०० म्हणजे रोजचे चार तास, २२० दिवसांत १००० म्हणजे साडेचार. कायद्याच्या हिशेबाने शिकण्याचा कमीत कमी वेळ एवढाच. त्याच्यावर जे पाच-सहा तास आपल्याला हवे असतात ते आपल्याला हवे असतात, पोराला नाही. ते झूलाघराचं, म्हणजे पाळणाघराचं, काम आहे आणि ते झूलाघर म्हणूनच मागावं, त्यावर शाळेचं नाव लावलं की सहा वर्षांच्या लेकराला संध्याकाळी पाचला गणित करायला बसवतील. शिवाय मास्तर-बाई पण माणसंच आहेत, त्यांचे तयारी धरून आठवड्याला ४५ तास त्याच कायद्यात लिहिलेत आणि त्यांच्या घरीही पोरं आहेत.

आणि दुसरं म्हणजे, ऑफिससारखं म्हणजे कोणाच्या ऑफिससारखं? माझे सासरे मिलमध्ये होते. ते सांगायचे की तेव्हा भोंगा वाजला की गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच वेळ कळायची, डबे एकाच वेळी निघायचे, माणसं एकाच वेळी परतायची. तेव्हाच्या इंदूरने शाळेला म्हटलं असतं की मिलच्या शिफ्टप्रमाणे चाल, तर निदान अर्थ तरी होता. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या, आता त्या मिलची आठवण अनंत चतुर्दशीच्या झांकीत, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथात, राहिलीये. आज आमच्या एका बिल्डिंगमध्ये बघा. माझं मार्चमध्ये मरण असतं आणि मेमध्ये निवांत. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. वरच्या मजल्यावरचा मुलगा सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपनीत रात्री अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, त्याला दिवाळीला सुट्टी नाही आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्यांच्या थँक्सगिव्हिंगला, आहे. खालचे पोहेवाले भैया पहाटे चारला कढई चढवतात आणि अकराला मोकळे. सराफ्यातला चाटवाला तर सोन्याची दुकानं बंद झाल्यावर स्टॉल लावतो. या सगळ्यांची पोरं एकाच शाळेत असू शकतात. शाळेने आरसा धरायचा तर कोणासमोर धरायचा?

असो. हे मी वाद म्हणून नाही सांगत, चार्ट करताना उपयोग होतो म्हणून सांगतेय. शाळा आपल्या ऑफिससारखी होणार नाही हे एकदा मान्य केलं की मग पुढची कामं दिसायला लागतात.

पहिलं काम, इंदूरचे खास खड्डे वेगळे शोधा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते म्हणून इंदूरला लोकल सुट्टी असते, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या म्हणून दुसऱ्या दिवशी असते. या कलेक्टरच्या लोकल सुट्ट्या जिल्ह्यापुरत्या, आणि पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं! म्हणजे गेरच्या दिवशी शाळा बंद, नवऱ्याची फॅक्टरी चालू, माझं प्रायव्हेट ऑफिस साहेबांच्या मूडवर. वर राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात त्यामुळे त्या बाजूने येणाऱ्या कामवाल्या ताईपण येत नाहीत. आमच्या चार्टवर रंगपंचमीला लाल गोलाच्या भोवती अजून एक लाल गोल आहे. त्या दिवसाची सीएल मी जानेवारीतच टाकून ठेवते आणि मग खरं सांगायचं तर दुपारी पोरांना घेऊन गेर बघायलाच जाते, रजा गेलीच आहे तर रंगात तरी जाऊ दे.

दुसरे खड्डे म्हणजे रात्रीचे मेसेजवाले, कलेक्टरच्या आदेशाचे. थंडी जानेवारीत, पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये, आणि एप्रिलमध्ये ऊन वाढलं की सुट्टी नाही पण टायमिंग बदलतं, शाळा सकाळची होऊन बाराला सुटते आणि व्हॅनवाले भैया साडेबाराला पोराला दारात उभं करतात. यांच्या तारखा कोणीच सांगू शकत नाही. म्हणून चार्टच्या खालच्या कोपऱ्यात मी पाच रिकामे चौकोन काढलेत, वर लिहिलंय 'कलेक्टर'. एक आला की एक भरायचा. पाच भरले तर सहाव्याला भांडण करायची परवानगी आहे.

यासाठी अजून एक सवय लावा. नोव्हेंबरमध्येच ठरवून टाका की असा मेसेज आला तर पहिला दिवस कोणाचा आणि दुसरा कोणाचा. आमच्याकडे सम तारीख नवऱ्याची, विषम माझी. शिफ्ट असेल तर अदलाबदल करायची पण ती त्याने शोधायची. हे आधी ठरलेलं नसलं की रात्री दहाला जी चर्चा होते त्यात दरवेळी आईचीच रजा जाते, बघा तुमच्या घरी मोजून.

आता तो चौथा रंग. जांभळा. तो आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. पहिल्या वर्षी मी चार्ट केला तेव्हा सगळे खड्डे मोजले आणि समोर पेन्सिलने बिनधास्त 'आई' लिहून टाकलं. ३४ च्या ३४. त्या बाजूला शेंगा सोलत बसल्या होत्या, उठल्या, चष्मा लावला, चार्ट वाचला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर प्रत्येक गुरुवारवर जांभळ्या पेनाने बारीक अक्षरात 'भजन', मेमधल्या एका आठवड्यावर 'डोळ्याचं ऑपरेशन' आणि ऑगस्टमध्ये तीन दिवस नुसतंच 'नाही'. नुसतंच नाही! कारण पण नाही दिलं. मला आधी रागच आला, मग ऑफिसला जाताना टेम्पोत बसल्या बसल्या हसायला आलं, कारण मी साहेबांना रजा मागताना इतकं स्पष्ट कधी लिहिलेलं नाहीये.

तेव्हापासून नियम असा की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं कॅलेंडर त्याच्याच हाताने भरायचं, आणि सगळ्यात आधी. बहात्तर वर्षांच्या बाईला उन्हाळ्याचे सलग सेहेचाळीस दिवस दोन पोरांमागे पळवायचं नाही. आमचा हिशेब असा आहे: सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, स्वयंपाक करून ठेवायचा, आणि दुपारी दोननंतर मुलं त्यांना उठवणार नाहीत. तुमच्या घरी आई-बाबा असतील तर विचारा तरी एकदा, बहुतेकांना कोणी विचारलेलंच नसतं.

उन्हाळा हा सगळ्यात मोठा, त्याचं वेगळं सांगते. २०२५ चंच घ्या. १ मे ते १५ जून, ४६ दिवस. त्यात रविवार ७, माझे बंद शनिवार ३, नवऱ्याचे मंगळवार ६. उरले ३०. हे आम्ही असे बुजवले: १० दिवस मुलं पुण्याला मामाकडे, १२ दिवस आईंकडे तुटक-तुटक, ४ रजा माझ्या, ४ नवऱ्याच्या. मामाकडे पाठवायचं तर महाराष्ट्राच्या शाळा बघून घ्या, तिथे मे पूर्ण सुट्टी आणि जूनच्या मध्यात सुरू, त्यामुळे जूनमध्ये पाठवलंत तर मामाची पोरं शाळेच्या तयारीत आणि तुमची पोरं सोफ्यावर. नागपूर-अमरावतीकडचे नातेवाईक असतील तर त्यांच्या शाळा उन्हामुळे अजून उशिरा उघडतात, तिथे जूनमध्येही चालतं. दिवाळीचं उलटं, आपल्याकडे २०२५ ला २३ ला भाऊबीज आणि २४ ला शाळा, महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी मोठी, तेव्हा त्यांनी इकडे यावं. मामी तीन वर्षांपासून येते म्हणतेय.

रिझर्वेशन. आता फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. म्हणजे २ मेला निघायचं असेल तर ३ मार्चला सकाळी आठला बसायचं. तो दिवस पोरांच्या परीक्षेच्या तोंडावर आणि माझ्या क्लोजिंगच्या तोंडावर असतो, हमखास विसरतो. चार्टवर मार्चच्या चौकोनात आधीच लिहून ठेवा.

त्यानंतर भिशी. पैशाची नाही, सुट्टीची. हा आमच्या बिल्डिंगचा शोध आहे आणि मला याचा खरंच अभिमान आहे. चार घरं, सात मुलं. तुटक खड्डा असला, म्हणजे मध्येच एक दिवस शाळा बंद, तर एका घरातलं एक मोठं माणूस रजा घेतं आणि सातही मुलं तिथे. पुढच्या खड्ड्याला दुसरं घर. म्हणजे चार खड्ड्यांना माझी एकच रजा जाते. सुरुवातीला भांडणं झाली, त्यातून हे नियम निघाले. डबा आपापला, भिशीवालं घर फक्त सकाळी पोहे आणि दुपारी शेव-मुरमुरे देणार. आजारी मूल येणार नाही. आणि वर्क फ्रॉम होमवाली आई म्हणजे घरी असलेली आई नाही, तिचा नंबर लागला तर तिने पण रजाच टाकायची. हा नियम एका वहिनींनी करायला लावला, त्यांच्या मीटिंगमध्ये मागे सात पोरं आरडाओरडा करत पळत होती आणि समोर क्लायंट.

भिशीत एक गोष्ट बघितली की ज्या दिवशी बाप घरी असतो त्या दिवशी मुलं जास्त खूश असतात आणि घर जास्त घाण असतं. चालतं.

ऑफिसकडून काय मागायचं ते थोडक्यात, कारण प्रत्येकाचं वेगळं. सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये असाल तर बायकांना आणि एकट्या बापाला चाइल्ड केअर लीव्ह आहे, पूर्ण नोकरीत ७३० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी. आजारपण असलं तरच मिळते असं बऱ्याच जणी समजतात, परीक्षेसाठीही घेता येते. दोन आरएच, म्हणजे आपण निवडायच्या रिस्ट्रिक्टेड हॉलिडे, असतात त्या सणाला न घालवता खड्ड्यावर लागतात का बघा. प्रायव्हेटमध्ये पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याप्रमाणे (मॅटर्निटी कायद्यात हे २०१७ मध्ये आलं) झूलाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. एचआरला तोंडी विचारू नका, मेल करा. तोंडी विचारलं की 'देखते हैं' मिळतं. फॅक्टरीत रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून चार्ट एप्रिलमध्ये झाला पाहिजे, मे उजाडल्यावर नाही. नवऱ्याने गेल्या वेळी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच चारही तारखा लिहून दिल्या, सुपरवायझर म्हणाले भिया पहिल्यांदा कोणी लग्नाशिवाय एवढं आधी सांगतंय, आणि मंजूर.

शाळेकडून काय मागायचं यावर मी थोडी जास्त भांडते. कमी सुट्ट्या मागू नका. मिळणार नाहीत आणि मिळायलाही नकोत, मेमध्ये इंदूरला पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या व्हॅनमधून पोरं आणायची का? मागायच्या त्या तारखा. ॲन्युअल फंक्शनची तालीम, स्पोर्ट्स डे, हाफ डे, 'टीचर्स ट्रेनिंगमुळे शाळा बंद' यातलं बरंच काही शाळेला दोन महिने आधी माहीत असतं आणि आपल्याला दोन दिवस आधी सांगतात. थंडीची लाट कोणाच्या हातात नाही, टीचर्स ट्रेनिंग आहे. आम्ही अकरा पालकांनी सह्या करून एक पानाचा अर्ज दिला, त्यात तीनच गोष्टी: या तारखा महिना सुरू व्हायच्या आधी एकत्र द्या, पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक भेट, दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी ठेवा, आणि हाफ डे असेल तर व्हॅनवाल्याला शाळेनेच कळवा. प्रिन्सिपल मॅडम आधी जरा तुटक बोलल्या, मग चहा मागवला. दोन गोष्टी झाल्या, व्हॅनची नाही झाली. अर्ज देताना टोन सांभाळा, 'आम्ही नोकरी करतो म्हणून' असं सुरू केलं की समोरच्या बाईपण नोकरीच करतायत हे विसरल्यासारखं होतं.

आणि शाळेने नोकरीचं जग पोरांना दाखवावं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी एक करावं. २०२० च्या नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा माणसांकडे जाऊन काम बघायचं-करायचं. त्या दिवसांसाठी शाळेला माणसं हवी असतात आणि पालक स्वतःहून पुढे येत नाहीत. मी थोरल्याच्या वर्गात अर्धा दिवस कॅशबुक शिकवायला गेले, पोरांनी भेळवाल्याचा एक दिवसाचा हिशेब केला. शेवटी एकाने विचारलं, मॅडम भेळवाल्याला सुट्टी कधी असते? मी म्हटलं त्यालाच विचारून या. सोमवारी सांगत आला, पाऊस जोरात असला तर.

चार्ट लावायची जागा शेवटची. आम्ही पहिल्या वर्षी हॉलच्या भिंतीवर सेलोटेपने लावला, मार्चमध्ये काढताना रंगाचे पोपडे निघाले आणि अजून तिथे चौकोन दिसतो. आता फ्रिजच्या बाजूला मॅग्नेटने लागतो, आणि जांभळा पेन वर टोपलीत ठेवतो, आईंच्या हाताला येईल असा.